लेखक मांडतो काय आणि मानतो काय : वैचारिक लेख वाचण्याची एक रीत

अग्रलेख किंवा वैचारिक निबंध वाचून झाल्यावर ‘लेखकाचं म्हणणं काय?’ असं विचारलं, की बहुतेक जण लेखातलं सर्वांत जोरकस वाक्य सांगतात. पुष्कळदा ते वाक्य लेखकाचं नसतंच. पुढे खोडून काढायचं म्हणून त्याने ते विरोधकाच्या तोंडी घातलेलं असतं. तेवढंच कापून, खाली लेखकाचं नाव टाकून फिरवलं, की ज्या मताशी तो आयुष्यभर भांडला तेच त्याच्या नावावर चढतं. परीक्षेतल्या उताऱ्यावर ही चूक झाली तर गुण जातात, सार्वजनिक वादात झाली तर माणसाची अब्रू जाते.

लेखकाचं मत ‘मला वाटते’ या शब्दांत क्वचितच सापडतं. दुसऱ्याचं म्हणणं तो कसं मांडतो, किती मान्य करतो आणि कुठे सोडतो, त्या जागी ते सापडतं. खालच्या पायऱ्या बारावी-पदवीचे विद्यार्थी, एमपीएससीची तयारी करणारे आणि रोजचं वर्तमानपत्र मनापासून वाचणारे, सगळ्यांनाच उपयोगी पडतील. लेख शक्यतो कागदावर घ्या आणि हातात शिसपेन्सिल ठेवा.

पायरी 1 : नाव झाका आणि एकदा सलग वाचा

आपल्याकडे लेख वाचण्याआधी आडनाव वाचलं जातं. लेखक कोणत्या गोटातला हे ठरलं, की त्याचं म्हणणं काय असणार हेही ठरून जातं, आणि मग डोळे फक्त पुरावे वेचत राहतात. हा वाचनाचा सर्वांत मोठा शत्रू आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून पहिल्या वाचनात नाव झाकून ठेवा. नाव, वर्तमानपत्र, तारीख यांचा उपयोग आहे, पण तो शेवटी.

या वाचनात पेन्सिल लावायची नाही. वाचून झाल्यावर एकच गोष्ट लिहायची: लेख कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो आहे? ते प्रश्नचिन्हासकट लिहा. ‘शाळांची पटसंख्या’ हा विषय झाला. ‘कमी पटाच्या शाळा बंद कराव्यात का?’ हा प्रश्न झाला. विषयावर मत नसतं, प्रश्नावर असतं. प्रश्न लिहिता येत नसेल तर पुन्हा वाचा, पुढे जाऊ नका.

पायरी 2 : आवाज वेगळे करा

वैचारिक लेखात एकटा लेखक बोलत नसतो. समासात प्रत्येक वाक्यासमोर एक अक्षर लिहा. लेखकाचं असेल तर ‘ले’, विरोधकाचं असेल तर ‘वि’, आणि सरकारी अहवाल, तज्ज्ञ, साक्षीदार, इतिहासातली व्यक्ती अशा तिसऱ्याच कोणाचं असेल तर ‘ति’. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह चालेल.

ही सवय आपल्या परंपरेला नवीन नाही. मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, एका अधिकरणाची (एका प्रश्नावरच्या पूर्ण चर्चेची) पाच अंगं सांगितली: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. भाष्यकार आधी समोरच्याची बाजू मांडतो, तीही दुबळी करून नव्हे, आणि मग तिला उत्तर देतो. संस्कृत भाष्यांत ‘ननु’ आलं की आक्षेप सुरू झाला आणि ‘इति चेत्, न’ आलं की तो संपून उत्तर लागलं, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. मराठीत इतक्या पक्क्या खुणा नाहीत, पण आहेत: ‘कोणी म्हणेल’, ‘असे म्हटले जाते’, ‘यावर असा आक्षेप घेतला जातो’, ‘एक मतप्रवाह असा आहे’. यांच्या पुढचा मजकूर ‘वि’.

अवघड जागा पुढे आहे. एकदा ‘असे म्हटले जाते’ म्हणून झालं, की पुढची चार-पाच वाक्यं खूण न लावताच विरोधकाच्या तोंडची येऊ शकतात. पहिल्या वाक्यापुरता ‘वि’ लिहून वाचक पुढे सरकतो आणि उरलेली वाक्यं लेखकाच्या खात्यात टाकतो. उत्तर सुरू होईपर्यंत पूर्वपक्ष संपत नाही, एवढं धरून ठेवा.

आवाज कोणाचा, हा प्रश्न मराठी लेखनाच्या बाबतीत एकदा न्यायालयात उभा राहिला होता. 15 जून 1897 च्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत आला. त्यात अफझलखानाच्या वधाची चर्चा होती, लोकमान्य टिळकांचं भाषणही होतं. त्याच अंकात, शिवाजी महाराज जागे होऊन आपल्या देशाची आजची दशा बघतात आणि बोलतात, अशा कल्पनेची एक कविता होती. या मजकुरावरून टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. कवितेत बोलतात ते महाराज, वृत्तांतात बोलतात ते वक्ते. मग संपादकाचं मत कोणतं? हे इतिहासाचं विवेचन आहे, असा बचाव होता. न्या. स्ट्रॅची यांनी राजद्रोहाच्या कलम 124 अ मधल्या ‘अप्रीती’चा (सरकारबद्दलच्या ‘डिसअफेक्शन’चा) अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ इतका रुंद लावला. नऊ जणांच्या ज्यूरीने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी दोषी ठरवलं आणि टिळकांना 18 महिन्यांची सक्तमजुरी झाली.

यातून वाचकाने दोन गोष्टी घ्याव्यात. पात्राच्या तोंडचं वाक्य सरळ लेखकाच्या नावावर टाकता येत नाही. पण कोणाच्या तोंडून, कोणत्या वेळी, कशाच्या शेजारी बोलवायचं ही निवड लेखक-संपादकाचीच असते. समासात त्या वाक्यांना ‘ति’ लिहा, आणि निवडीबद्दल वेगळी टीप करा. दोन्ही एकाच रकान्यात घातलं की गोंधळ होतो.

अग्रलेखातल्या ‘आम्ही’कडेही जरा थांबून बघा. तो वर्तमानपत्राचा आवाज आहे, एका माणसाचा असेलच असं नाही. 1881 साली निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर त्यांचं आणि टिळकांचं पटेनासं झालं, 1887 मध्ये ते बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढलं. त्या काळातला ‘केसरी’चा ‘आम्ही’ वाचताना साल बघितल्याशिवाय त्यामागे कोण उभं आहे हे ठरवू नये.

पायरी 3 : वळण शोधा

‘पण’, ‘परंतु’, ‘मात्र’, ‘तथापि’, ‘तरीही’, ‘प्रत्यक्षात’, ‘वास्तविक’, ‘खरे तर’ या शब्दांना गोल करा. एका लेखात असे गोल बरेच निघतील. त्यांतलं एक वळण मुख्य असतं, जिथे पूर्वपक्ष संपून लेखक स्वतः बोलू लागतो. ते बहुधा परिच्छेदाच्या सुरुवातीला असतं.

वळणाच्या कोणत्या बाजूला काय ठेवलंय यावर झुकाव ठरतो. ‘योजना महाग आहे, पण उपयोगी आहे’ म्हणणारा माणूस योजनेच्या बाजूने आहे. ‘योजना उपयोगी आहे, पण महाग आहे’ म्हणणारा हात आखडता घेतो आहे. माहिती तीच, शब्द तेच. मराठीत वजन वाक्याच्या शेवटाकडे जातं. ‘जरी… तरी’ असेल तर ‘तरी’नंतरचा भाग लेखकाचा.

पायरी 4 : झुकावाच्या खुणा टिपा

इथे घाई करू नका, कारण मराठीत मत सांगण्याची अर्धी सोय बारीक शब्दांत आहे.

आधी क्रियापदं. ‘तळ्यातला गाळ काढला’ असं अधिकाऱ्याने सांगितलं, म्हटलं, नमूद केलं, इथपर्यंत लेखक तटस्थ आहे. ‘दावा केला’ म्हटलं की लेखकाला खात्री नाही, किंवा ती खात्री तो आपल्याला देऊ इच्छित नाही. ‘स्पष्ट केलं’ किंवा ‘लक्षात आणून दिलं’ म्हटलं की त्याने ते खरं धरलं. ‘कबूल केलं’मध्ये आधी लपवत होते हा आरोप मिसळलेला आहे. ‘सारवासारव केली’ म्हटल्यावर तर निकालच लागला. एखाद्या लेखात एका बाजूचे लोक सतत ‘सांगतात’ आणि दुसऱ्या बाजूचे सतत ‘दावा करतात’ असं दिसलं, तर ‘मला वाटते’ शोधायची गरज उरत नाही. दोन्ही बाजूंची क्रियापदं दोन रकान्यांत लिहून काढा. एवढा एकच प्रयोग केला तरी पुष्कळ कळतं.

मग शेपटासारखे चिकटणारे शब्द. ‘म्हणे’: ‘रस्ता मार्चअखेर होणार म्हणे’ यात लेखकाने बातमी दिली आणि तिच्यापासून अंगही काढून घेतलं. ‘च’: ‘त्यांनीच सांगितलं’ यात दुसऱ्या कोणी सांगण्याची वाट बघावी लागली नाही, असा टोला बसतो. ‘निदान’, ‘तरी’, ‘सुद्धा’ हे शब्द अपेक्षेची पातळी दाखवतात. ‘निदान पाणी तरी द्या’ म्हणणाऱ्याने बाकीच्या मागण्या सोडून दिलेल्या असतात. ‘तथाकथित’, ‘स्वयंघोषित’, ‘म्हणवणारे’ हे उघडच आहेत. ‘मंडळी’ मात्र फसवं. ‘वारकरी मंडळी’त माया असू शकते, ‘विचारवंत मंडळी’त बहुधा नसते. आजूबाजूची दोन वाक्यं वाचूनच ठरवा.

अवतरणचिन्हं नेमक्या शब्दांसाठी आहेत की शब्द चिमट्यात धरण्यासाठी, हे बघा. विकास आणि ‘विकास’ यांत लेखकाचं अख्खं मत मावतं.

आदरार्थी आणि एकेरी हा भेदही वाचायला शिका. एकाच लेखात एक नेता ‘ते म्हणाले’ आणि दुसरा ‘तो म्हणाला’ असेल तर त्याची नोंद करा. पण जुन्या लेखनात जपून: संत, देव, खेळाडू, ऐतिहासिक पुरुष यांचा एकेरी उल्लेख मराठीत जिव्हाळ्यानेही होतो. आजचा कान शंभर वर्षांपूर्वीच्या वाक्याला लावला तर नको तिथे अपमान ऐकू येतो.

कर्ता गायब आहे का, तेही पाहा. ‘गोळीबार झाला’ आणि ‘पोलिसांनी गोळीबार केला’ ही एकाच घटनेची दोन वाक्यं. ‘चुका झाल्या’ म्हणणाऱ्याला चुका कोणी केल्या हे सांगायचं नसतं, निदान त्या वाक्यात तरी. आणि प्रश्नार्थक मथळे! ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा जुलै 1897 मधल्या ‘केसरी’च्या अग्रलेखाचा मथळा. तो माहिती विचारत नाही, उत्तर वाचकाकडून वदवून घेतो. असा प्रश्न दिसला की समासात त्याचं विधान करून लिहा, म्हणजे त्यातला दावा उघडा पडतो आणि त्याला पुरावा मागता येतो.

पायरी 5 : एक उतारा हाताने सोडवून बघा

सरावासाठी मी एक छोटा उतारा रचला आहे. वाक्यांना क्रमांक दिले आहेत.

(1) वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन करण्याच्या प्रस्तावावर सध्या बरीच ओरड सुरू आहे. (2) गावातली शाळा गेली की गावच उठून जाईल, असे काही शिक्षक संघटनांचे म्हणणे. (3) ही भीती अगदीच निराधार आहे असे नाही. डोंगराळ भागात दोन किलोमीटरची वाटही पावसाळ्यात बंद होते. (4) परंतु पाच मुले, एक शिक्षक आणि चार इयत्ता अशा वर्गात कोणते शिक्षण होते, हा प्रश्न कोणी विचारायचाच नाही काय? (5) मोठ्या शाळेत मुलांना सवंगडी मिळतील, पुरेसे शिक्षक मिळतील, असे शिक्षण विभाग सांगतो. (6) वाहनाची सोय करू, असेही विभागाने म्हटले आहे. (7) ती सोय आधी झाली आणि मगच शाळेला कुलूप लागले, तर या निर्णयाला विरोध करण्याचे कारण उरणार नाही.

पहिल्या वाक्यात ‘विरोध’ किंवा ‘चर्चा’ न म्हणता ‘ओरड’ म्हटलंय. झुकाव तिथेच सुरू झाला. दुसरं वाक्य ‘वि’. विरोधकांची सर्वांत टोकाची बाजू निवडली आहे, ‘काही’ म्हणून त्यांची संख्या कमी केली आहे आणि ‘म्हणणे’वर वाक्य तोडून टाकलं आहे. तिसरं वाक्य नीट वाचा, कारण घाईत ते निसटतं. ‘निराधार आहे असे नाही’ ही दुहेरी नकाराची मोजून दिलेली कबुली आहे, पण पूर्णविरामानंतरचा पावसाळ्याचा मुद्दा लेखकाने स्वतःच्या आवाजात दिला आहे. म्हणजे ‘ले’. चौथ्यात मुख्य वळण आणि उत्तर वदवून घेणारा प्रश्न. त्याचं विधान केलं तर ‘अशा वर्गात शिक्षण होत नाही’ असं होतं, आणि त्याला उताऱ्यात काहीही पुरावा नाही. पाचवं-सहावं ‘ति’, विभाग ‘सांगतो’, ‘दावा करतो’ नव्हे.

आता सातवं. घाईत वाचणारा म्हणेल, लेखक शाळा बंद करण्याच्या बाजूचा आहे. पण ‘आधी’, ‘मगच’ आणि ‘तर’ हे तीन शब्द बघा. लेखकाचा पाठिंबा सशर्त आहे, आणि ती अट तिसऱ्या वाक्यातल्या कबुलीतून आलेली आहे. प्रस्तावाच्या समर्थकांनी हा लेख आपल्या बाजूने फिरवला तर तेही चूक, आणि विरोधकांनी लेखकाला शाळा बुडवणारा ठरवलं तर तेही चूक.

पायरी 6 : सांगाडा मांडा

कोऱ्या कागदावर चार ओळी: निष्कर्ष, कारणं, पुरावे, आणि न बोललेलं गृहीतक. पहिल्या तीन लेखातून उचलता येतात. चौथी आपल्याला शोधावी लागते. ‘हे कारण खरं मानलं तरी निष्कर्ष निघायला आणखी काय मानावं लागेल?’ असं विचारायचं. वरच्या उताऱ्यात गृहीतक असं की मुलांची संख्या वाढली की शिक्षण सुधारतं. ते कदाचित खरं असेल, पण लेखकाने ते सिद्ध केलेलं नाही.

एकाच निष्कर्षामागे वेगवेगळ्या जातीची कारणं असतात, तेव्हा सांगाड्याची खरी गरज लागते. 1891 चा संमतिवयाचा वाद घ्या. मुलीच्या संमतिवयाची (शरीरसंबंधाला संमती देण्याच्या किमान वयाची) मर्यादा 10 वरून 12 वर नेणारा कायदा मार्च 1891 मध्ये झाला. टिळकांनी त्याला विरोध केला, आगरकरांनी पाठिंबा दिला. एवढ्यावरून ‘टिळक बालविवाहाच्या बाजूचे’ असं वाक्य सर्रास लिहिलं जातं. पण त्याच्या आदल्याच वर्षी टिळकांनी असा प्रस्ताव मांडला होता, की सुधारकांनी मुलींची लग्नं 16 च्या आधी आणि मुलांची 20 च्या आधी न करण्याचं बंधन आधी स्वतःवर घालून घ्यावं. त्यांच्या विरोधाचं एक कारण, परक्या सरकारने आपल्या समाजासाठी असा कायदा करू नये, हे होतं. दुसरं शास्त्राधाराचं होतं, आणि त्यावर डॉ. रा. गो. भांडारकरांशी त्यांचा वाद झाला. ही दोन कारणं एका जातीची नाहीत. पहिलं मान्य असलेल्या माणसाला दुसरं अमान्य असू शकतं. टिळकांशी असहमत व्हायचं असेल (मी आहे, अल्पवयीन मुलींच्या जिवाचा प्रश्न कायदा कोण करतो यावर अडवून धरायला नको होता, असं मला वाटतं) तर आधी नेमक्या कोणत्या कारणाशी असहमत आहोत ते सांगावं लागतं. त्यांनी न मांडलेलं मत खोडून काढण्यात काही अर्थ नाही.

पायरी 7 : जोर मोजा, गाळलेलं शोधा

‘असेल’, ‘असावे’, ‘दिसते’, ‘शक्यता आहे’, ‘नाकारता येत नाही’ आणि ‘आहे’ यांत मोठं अंतर आहे. लेखकाने ‘असावे’ म्हटलं असेल तर आपल्या सारांशात ‘आहे’ येता कामा नये. ‘हे उघड आहे’, ‘सर्वांना ठाऊक आहे’ असं वाक्य आलं की तिथे पुरावा दिलाय का ते पाहा. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीला पुरावा लागत नाही असं समजून लेखक पुढे गेलेला असतो.

गाळलेलं शोधताना स्वतःला विचारा: ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्यापैकी कोण बोललंच नाही? शाळेच्या उताऱ्यात संघटना बोलल्या, विभाग बोलला. आईबाप आणि मुलं गप्प आहेत. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत असावी असं अंतर ठरवलेलं आहे, त्याचाही उल्लेख नाही. ही लेखकाची लबाडीच असेल असं नाही, जागाही पुरली नसेल. म्हणून नोंद ‘लेखात नाही’ एवढीच करा. ‘लेखकाने लपवलं’ असं लिहायला वेगळा पुरावा लागतो.

आता नाव, वर्तमानपत्र आणि तारीख उघडा. लेखकाचे त्या प्रश्नात काही हितसंबंध आहेत का, लेख कोणत्या घटनेनंतर आला, आधीच्या लेखांत त्याने काय म्हटलं होतं, हे तपासा. त्याने आधीच्या वाचनाला धार येते. मात्र हितसंबंध सापडला म्हणून युक्तिवाद खोटा ठरत नाही, तो अधिक बारकाईने तपासावा लागतो इतकंच.

पायरी 8 : पाच वाक्यांत लिहून काढा

पहिल्या वाक्यात प्रश्न, दुसऱ्यात विरोधकाची बाजू, तिसऱ्यात लेखकाने त्यातलं काय मान्य केलं, चौथ्यात त्याचा निष्कर्ष आणि तो किती जोराने, पाचव्यात न बोललेलं गृहीतक किंवा गाळलेला मुद्दा. प्रत्येक वाक्य कोणाचं हे वाक्यातच दिसलं पाहिजे. शाळेच्या उताऱ्यासाठी ते असं होईल:

‘कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळांत विलीन कराव्यात का, हा प्रश्न लेखक हाती घेतो. शाळा गेली तर गाव ओस पडेल, ही काही शिक्षक संघटनांची भीती तो नोंदवतो. दुर्गम भागातल्या वाटेची अडचण तो मान्य करतो. छोट्या वर्गात शिक्षण होत नाही असं सुचवून, वाहनाची सोय आधी झाल्यास विलीनीकरणाला विरोधाचं कारण उरत नाही, असा सशर्त निष्कर्ष तो काढतो. छोट्या वर्गाबद्दलच्या विधानाला लेखात पुरावा नाही आणि पालकांची बाजू आलेली नाही.’

मग हे लिखाण लेखकासमोर ठेवलं आहे असं समजा. पहिल्या चार वाक्यांखाली त्याने सही केली असती का? नसती असं वाटलं, तर ज्या वाक्यावर तो अडला असता त्याच्यासमोर मूळ लेखातल्या वाक्याचा क्रमांक लिहा. क्रमांक सापडत नसेल तर ते वाक्य खोडा, कितीही आवडलेलं असलं तरी. पाचवं वाक्य तुमचं आहे. त्यावर त्याची सही लागत नाही, पण खाली तुमची लागते.